तुम्ही जाऊन या, मी बसते इथेच

प्रिय ताई,
मी 42 वर्षांची, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण जयपूरला गेलो होतो. मी, नवरा, नववीतली लेक, माझी आई (वय 67) आणि माझी नणंद. सगळी आखणी माझी. चार महिने आधी तिकिटं काढली, हॉटेल शोधलं, कोणत्या दिवशी काय बघायचं त्याचा तक्ता केला. आणि सहल अशी झाली की परत आल्यावर दोन दिवस मी घरात कोणाशी बोलले नाही.

नवऱ्याला प्रत्येक पाटी वाचायची असते. आमेरला एकेका दालनात अर्धा अर्धा तास. लेकीला फोटोच काढायचे होते. हवामहालासमोरच्या कॅफेच्या गच्चीवर तिनं दीड तास घालवला आणि महालात यायलाच तयार नाही. नणंदेचा जीव बापू बाजारात आणि त्रिपोलियाच्या लाखेच्या बांगड्यांत. आणि आई! जिथे जाऊ तिथे, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथेच." आमेरला जलेब चौकात बसली. हवामहालाच्या बाहेर बसली. 31 वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण जंतरमंतरच्या आत पाऊल टाकलं नाही. सिटी पॅलेसमध्ये चांदीच्या त्या प्रचंड घागरींपाशी तेवढी फोटोला उभी राहिली. गुडघे दुखतात का विचारलं तर नाही म्हणते, आणि रोज पहाटे तलावपाळीला तीन फेऱ्या मारते, म्हणजे खरंच दुखत नसणार. सकाळी मी तिला पाण्याची बाटली भरून द्यायचे, ती संध्याकाळी तशीच परत यायची. मग डोकं दुखतं म्हणायची की आम्ही सगळे माघारी. नाहरगडावरचा सूर्यास्त त्यामुळेच हुकला. दोन दिवस चालणारं एकत्रित तिकीट काढलं होतं, त्यातली निम्मी ठिकाणं बुडाली.

आता मे महिन्यात म्हैसूरचं ठरतंय. या वेळी आईला नेऊ नये असं वाटतं. तिच्या वयाच्या लोकांबरोबर एखाद्या यात्रा कंपनीतून पाठवलं तर ती जास्त रमेल. पण हे तिला न दुखवता सांगू कसं?
– सगळ्यांचं जमवून थकलेली

अगं,
नवरा, लेक आणि नणंद यांचं आधी उरकून टाकू. सकाळी नाश्ता झाला की ज्यानं त्यानं आपापल्या वाटेनं जावं आणि रात्री जेवायला एकत्र बसावं. नणंद बाजारात, लेक तिच्याबरोबर, नवरा पाट्यांसमोर. पाच माणसांना एकाच दोरीत बांधून फिरवायचा तक्ता तू केलास, तो फाड. त्या तिघांचं काहीही बिघडलेलं नाही.

आता बाटलीकडे ये.

ती गोष्ट तू एका ओळीत लिहिलीस, तीही तक्रार म्हणून, आणि लगेच नाहरगडाच्या सूर्यास्ताकडे वळलीस. मी त्या ओळीच्या पुढे जाऊ शकले नाही. 67 वर्षांची बाई सकाळी हॉटेलातून निघते ती संध्याकाळपर्यंत पाण्याला तोंड लावत नाही. बाटली तिच्याच हातात आहे, तरी. आणि हे रोज. अगं, हे नुसतं तहान लागत नाही म्हणून होतं असं मला वाटत नाही. ती हिशेब करत होती. पाणी प्यायलं की जावं लागणार, जायचं म्हटलं की सगळ्यांना थांबवावं लागणार, थांबवायचं तर जावयासमोर तोंडानं सांगावं लागणार. त्यापेक्षा घसा कोरडा पडलेला बरा.

मला वाटतं तुझ्या आईला लघवीचा त्रास आहे. लागली की धरवत नसेल, किंवा शिंकताना, खोकताना, हसताना थोडी सुटत असेल, किंवा दोन्ही. मी डॉक्टर नाही आणि तुझ्या आईला मी पाहिलेलं नाही. माझा तर्क चुकला तर मला आनंदच होईल. पण तूच लिहिलेल्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघ.

तलावपाळीला ती कशी जाते? पहाटे, घरून जाऊन, चहापाण्याच्या आधी. तीन फेऱ्या, आणि घर हाकेच्या अंतरावर. तिथे तिचे पाय भराभर चालतात. तेच पाय जयपूरला बाकावर का बसले? आमेरला जलेब चौकातून एकदा आत शिरलं की दिवाण-ए-आम, मग गणेश पोळ, शीशमहाल, मागचा मानसिंहाचा जुना महाल, मध्ये बोळ, चढ-उतार, गर्दी. पटकन बाहेर पडायची सोय नाही. त्यात तुझा नवरा दर दालनात अर्धा तास उभा. हवामहालाच्या आतल्या उतरत्या वाटा वर वर अरुंद होत जातात, समोरून माणसं येत असतात, तिथून मध्येच मागे फिरणं कठीण. ती बाहेर बसली कारण बाहेर तिला वाट मोकळी होती. ती नेमकी कुठे बसायची ते डोळ्यांसमोर आण. स्वच्छतागृहाचं दार तिथून दिसत होतं का, ते आठव.

आणि जंतरमंतर. हे वाचून मला रडू आलं, खरं सांगते. सवाई जयसिंगानं 1727 मध्ये जयपूर वसवलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ही वेधशाळा उभी केली. त्यातलं सम्राट यंत्र म्हणजे 27 मीटर उंचीचं दगडी सूर्यघड्याळ. त्याच्या तिरक्या भिंतीचा कोन 27 अंश, कारण जयपूरचा अक्षांशच तेवढा आहे. सावली सेकंदाला एक मिलिमीटर सरकते, उभं राहिलं तर डोळ्यांना चालताना दिसते. ते घड्याळ जयपूरची स्थानिक वेळ दाखवतं, आपल्या मनगटावरची नाही. रेखांशाचा एक अंश म्हणजे चार मिनिटं, हे गणित तुझ्या आईनं फळ्यावर किती वर्गांना घातलं असेल! 31 वर्षं जे खडूनं काढलं ते दगडात बांधलेलं तिच्यापासून पन्नास पावलांवर होतं, आणि ती फाटकाबाहेर बसून राहिली. तिला त्यात रस नव्हता असं तू मानलंस. तिथे 19 यंत्रं आहेत, गाइड एकेकापाशी थांबवतो, सावली फारशी नाही, आणि किती वेळ लागेल ते आधी कोणी सांगत नाही. जिला मिनिटं मोजावी लागतात तिनं आत यावं कसं?

तुझ्या सहलीत कोणाचं कोणाशी जुळत नव्हतं असं तू म्हणतेस. अगं, पाट्या वाचणारा जावई आणि भूगोलाची बाई, याहून चांगली जोडी तुला कुठे मिळणार होती? ती दोघं तुला दुपारपर्यंत दिसलीसुद्धा नसती. ती जोडी जमली नाही याचं कारण आवड नव्हतं.

घागरींपाशी काढलेला फोटो उघड. मोबाइलमध्ये असेलच. जयपूरचा राजा सवाई माधोसिंह दुसरा 1902 मध्ये एडवर्ड सातव्याच्या राज्यारोहणासाठी विलायतेला निघाला. परक्या देशातलं पाणी त्याला चालणार नव्हतं, म्हणून त्यानं चांदीच्या या घागरींतून गंगाजल बरोबर नेलं. एकेकीत सुमारे 4,000 लिटर मावतं. राजाला स्वतःची सोय बोलून दाखवायची लाज वाटली नाही, साऱ्या बोटीनं ती सोय केली. त्या घागरीशेजारी तुझी आई उभी आहे. तिच्या हातातली बाटली फोटो मोठा करून बघ.

तुझ्यावर मी चिडले आहे ते का, तेही सांगते. तू तिला "गुडघे दुखतात का" इतकंच विचारलंस. ती नाही म्हणाली, खरंच म्हणाली, आणि तू तिथेच थांबलीस. तू बाईमाणूस आहेस, एका मुलीची आई आहेस. लांबच्या प्रवासाला निघताना "घरून जाऊन या गं" हे वाक्य आपण जन्मभर ऐकतो. एसटी धाब्यावर दहा मिनिटं थांबते तेव्हा बायकांची रांग कुठवर जाते ते तुला माहीत आहे. मुंबईत 2011 मध्ये बायकांना 'राइट टू पी' म्हणून मोहीम उभारावी लागली, कारण मुताऱ्या पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे. आणि तुझी आई तर शिक्षिका. तासामागून तास उभं राहून शिकवायचं, मधल्या सुट्टीत वह्या तपासायच्या, लागली तर शाळा सुटेपर्यंत धरायची. धरून ठेवणं ही या बायकांची सवय असते. धरवेनासं झालं की त्या पाणी सोडतात, मग प्रवास सोडतात, मग लग्नकार्यं सोडतात.

माझ्या आईनं शेवटची सात-आठ वर्षं कोणाच्याही लग्नाला जाणं सोडलं होतं. आम्ही म्हणायचो, तिला माणसं नकोशी झालीत. ती गेल्यावर तिचं कपाट आवरताना खालच्या कप्प्यात जुन्या सुती लुगड्याचे चौकोनी तुकडे मिळाले. धुऊन, उन्हात वाळवून, एकसारख्या घड्या घातलेले. पन्नास तरी असतील. माझी बहीण आणि मी जमिनीवर बसून ते नुसते बघत राहिलो. आम्ही दोघी शिकलेल्या, दोघींना मुलं झालेली, आणि एकीनंही तिला कधी विचारलं नव्हतं. म्हणून तुला हे इतकं कडक लिहिते आहे. तुझी आई अजून तलावपाळीला फेऱ्या मारते आहे, तुझ्याकडे वेळ आहे.

या त्रासावर उपाय आहेत. बाळंतपणं आणि पाळी जाणं यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. त्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते नीट शिकून तीन महिने रोज केले की पुष्कळ बायकांना फरक पडतो. काहींना मूत्राशयाला सवय लावावी लागते, काहींना गोळी लागते. काहींचं अंग खाली आलेलं असतं आणि तेही त्या कोणाला बोललेल्या नसतात. कधी मागे साखर असते, कधी साधा जंतुसंसर्ग. हे स्त्रीरोगतज्ज्ञांना तपासल्याशिवाय कळत नाही. आणि पाणी तोडल्यानं त्रास वाढतो. लघवी दाट होते, मूत्राशयाला टोचते, वारंवार लागल्यासारखं वाटतं, संसर्गाला वाव मिळतो, वर बद्धकोष्ठ. डोकं दुखायचं ते उगाच नव्हतं. "वयानं होतंच असं" म्हणून आपल्या बायका वीस-वीस वर्षं हे अंगावर काढतात.

आणि यात्रा कंपनी! अनोळखी चाळीस माणसं, घड्याळावर चालणारी बस, आणि पुढच्या सीटवर जाऊन ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगायचं. ती तिथे रमणार नाही. आठ दिवस कोरडी राहून परत येईल आणि "छान झालं" म्हणेल.

तेव्हा न दुखवता कसं सांगायचं ते मी तुला सांगणार नाही. या रविवारी पहाटे तिच्याबरोबर तलावपाळीला जा. दोघीच. दुसऱ्या फेरीला, चालता चालता, तिच्याकडे न बघता विचार, "आई, जयपूरला पाणी पीत नव्हतीस ते बाथरूमला लागेल म्हणून का गं?" इतकं थेट. "काही त्रास होतो का" असं गोल गोल विचारलंस तर "नाही गं, मला काय होतंय" हेच उत्तर येईल. तुला स्वतःला शिंकताना कधी असं झालं असेल तर ते आधी सांग. ती गप्प झाली तर तूही गप्प चाल. ती चिडली तरी फेरी पूर्ण कर. मग त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेळ घे, बँकेतून अर्धी रजा टाक आणि बरोबर जा. आत तिला हवं असेल तरच जा, नाहीतर बाहेर बसून राहा. जयपूरला ती बसली तशी.

मे महिना अजून बराच लांब आहे. तीन महिन्यांचे व्यायाम त्यात सहज बसतात. म्हैसूरला ती येणारच हे धरून चाल. तिथे गाडी दीड तासानं थांबवायची आणि दर वेळी "मला जायचंय" हे तू म्हणायचंस, मोठ्यानं, नवऱ्यासमोर, नणंदेसमोर. त्यांना कारण सांगायची गरज नाही. तिच्या पिशवीत एक जास्तीची साडी-परकर आणि औषधाच्या दुकानात मिळतात ते पॅड तू ठेव, न बोलता. चामुंडी टेकडीवर सगळ्यांनी गेलंच पाहिजे असं नाही, पण राजवाड्यात आई आणि जावई यांना एकत्र सोड आणि तू बाहेर बस.

आणखी एक काम, त्याला रविवारची वाट बघू नकोस. तुझी लेक नववीत आहे. आज ती शाळेतून आली की तिच्या दप्तरातली पाण्याची बाटली काढून हातात घे. किती जड लागते ते बघ.

– ताई