वाचकांचे प्रश्न : फ्लोरिडाच्या सीएफओची निवडणूक

प्रश्न : घराच्या विम्याचा हप्ता परवडेनासा झालाय. ३ नोव्हेंबर २०२६ला फ्लोरिडाच्या चीफ फायनान्शियल ऑफिसरची (सीएफओ) निवड होणार आहे. विम्याचं खातं त्याच्याकडेच असतं म्हणतात. तो हप्ते कमी करू शकतो का?
– एक वाचक, टँपा

उत्तर : एकट्याने नाही. पूर्वी राज्याचा खजिनदारच विमा आयुक्त असे, त्यातून हा समज टिकून आहे. १९९८च्या घटनादुरुस्तीने खजिनदार आणि कॉम्प्ट्रोलर (हिशेब तपासनीस) ही पदं एकत्र करून सीएफओ हे पद केलं. ते जानेवारी २००३मध्ये सुरू झालं. विम्याचे दर तपासण्याचं काम आता ऑफिस ऑफ इन्शुरन्स रेग्युलेशनकडे आहे. त्याच्या आयुक्ताची नेमणूक गव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल, कृषी आयुक्त आणि सीएफओ असे चौघे मिळून करतात. तीन मतं लागतात आणि त्यांत गव्हर्नर व सीएफओ या दोघांचीही असावीच लागतात. म्हणजे सीएफओला दर ठरवता येत नाहीत, पण नको असलेला आयुक्त अडवता येतो. ‘मी हप्ते उतरवीन’ म्हणणाऱ्या उमेदवाराला एवढंच विचारा, की आयुक्त कसा हवा?

सीएफओचं स्वतःचं काम राज्याची बिलं तपासून चुकती करणं आणि तिजोरी सांभाळणं. अर्थसंकल्प विधिमंडळ करतं, त्यामुळे आपल्याकडचा अर्थमंत्री डोळ्यांसमोर आणू नका. राज्याचा फायर मार्शल, म्हणजे अग्निसुरक्षेचा प्रमुखही तोच, आणि सरकारी पेन्शन फंडाच्या तीन विश्वस्तांपैकी एक.

हप्त्याऐवजी नुकसानभरपाईवरून कंपनीशी वाद असेल, तर मात्र त्याच्या खात्याचा थेट उपयोग होतो. घरांच्या दाव्यांसाठी तिथे मध्यस्थीची सोय आहे आणि तिचा खर्च विमा कंपनीने द्यायचा असतो. वकील गाठण्याआधी हे करून पाहावं.

प्रश्न : मी नागरिक आहे, पण नोंदणी करताना कुठलाच पक्ष लिहिला नाही. प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) मत देता येईल?
– एक वाचक, ऑरलँडो

उत्तर : सीएफओच्या पक्षीय लढतीत नाही. फ्लोरिडाची प्रायमरी बंद असते : ज्या पक्षात नोंद, त्याचीच मतपत्रिका. पक्ष बदलायची मुदत प्रायमरीच्या २९ दिवस आधी संपते. १८ ऑगस्टच्या प्रायमरीसाठी ती २० जुलै आहे आणि बहुतेकांची चूक इथेच होते. नोव्हेंबरच्या मतदानासाठी नवी नोंदणी ५ ऑक्टोबरपर्यंत चालते, पण तोवर उमेदवार ठरून गेलेले असतात.

सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतील आणि पुढे विरोधकच नसेल, तर ती प्रायमरी सर्वांना खुली होते. मात्र मतपत्रिकेवर नाव न छापता उभा राहणारा एखादा ‘राइट-इन’ उमेदवार अर्ज भरतो आणि दार पुन्हा बंद! ही पळवाट पुरेपूर कायदेशीर आहे. दुसरी फेरीही नसते. सर्वाधिक मतं ज्याची, तो उमेदवार, मग ती निम्म्याहून कमी का असेनात.

ग्रीन कार्डवाल्यांनी नोंदणी करूच नये. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीचं विचारलं तरी ‘नाही’च म्हणावं. नागरिक असल्याचा खोटा दावा पुढे हद्दपारीपर्यंत नेऊ शकतो.

प्रश्न : २०२४मध्ये टपालाने मत दिलं होतं. या वेळी मतपत्रिका आपोआप येईल ना?
– एक वाचक, जॅक्सनविल

उत्तर : नाही. टपाली मतपत्रिकेची मागणी सार्वत्रिक निवडणुकीनंतर रद्द होते, म्हणून काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडे पुन्हा मागावी लागते. नोव्हेंबरसाठी शेवटची तारीख २२ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.

भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ७च्या आत कार्यालयात पोचली पाहिजे. टपालाच्या शिक्क्याची तारीख देशातल्या मतदाराच्या उपयोगाची नाही. लिफाफ्यावर सही राहून गेली किंवा नोंदणीतल्या सहीशी जुळली नाही, तर मत बाजूला पडतं. देवनागरी सही करणाऱ्यांनी नोंदणीत कोणती केली होती ते आठवावं. घाईत इंग्रजी सही ठोकली की गोंधळ झालाच. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्राची प्रत मतदानानंतर दोन दिवसांनी, म्हणजे ५ नोव्हेंबरला, संध्याकाळी ५पर्यंत देता येते.

प्रश्न : आत्ताचे सीएफओ ब्लेझ इंगोलिया निवडून न येता पदावर कसे?
– एक वाचक, टॅलाहासी

उत्तर : आधीचे सीएफओ जिमी पेट्रोनिस अमेरिकी संसदेत (काँग्रेस) जाण्यासाठी पद सोडून गेले आणि जुलै २०२५मध्ये गव्हर्नर डिसँटिस यांनी इंगोलियांना नेमलं. मुदतीचे २८ महिन्यांपेक्षा कमी उरले असतील, तर नेमलेली व्यक्ती ती मुदत पुरी करते. पेट्रोनिसही २०१७मध्ये असेच नेमणुकीने आले होते आणि २०१८मध्ये निवडून आले.