सुपरमॅनच्या 'काल-एल' या खऱ्या नावाचा अर्थ काय आणि ते आलं कुठून?

'काल-एल म्हणजे हिब्रूत देवाचा आवाज, हे खरं का?' असं तुम्ही विचारलंय. हा अर्थ जागोजागी वाचायला मिळतो, पण नाव कसं घडत गेलं ते पाहिलं की तो मला पटत नाही.

सुपरमॅन जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला, पण क्रिप्टॉन या त्याच्या जन्मग्रहावरचं त्याचं नाव त्यात नव्हतं. ते आलं जानेवारी १९३९ मध्ये सुरू झालेल्या वर्तमानपत्री चित्रमालिकेत. तिथे बाळाच्या नावात 'काल'पुढे रेघ आणि मग एकच रोमन अक्षर होतं, एल. वडिलांचं नावही तसंच, 'जोर'पुढे एल. आईचं नाव लोरा. देवनागरीत हा फरक दिसतच नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय: त्या एलच्या आधी 'ई' नव्हता. तो लागला १९४२ मध्ये, जॉर्ज लोथर यांच्या सुपरमॅनवरच्या कादंबरीत. लोराची लाराही त्यातच झाली. म्हणजे ज्या 'एल'वर देवाचा अर्थ उभा आहे, ते स्पेलिंग मूळ निर्मात्यांचं, जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचं, नव्हेच.

जोर-एल हे नाव तर सुपरमॅनच्याही आधीचं. सीगल-शुस्टर जोडीने १९३७ मध्येच भविष्यकाळातल्या एका कथेत ते नायकाला दिलं होतं. जेरोम सीगल या लेखकाच्या स्वतःच्या नावातली अक्षरं त्यात आहेत, असं अनेक अभ्यासक मानतात. मला हेच सगळ्यात सयुक्तिक वाटतं: शेवटचा एल सीगलमधला, आणि मुलाला तो बापाकडून मिळाला.

आता हिब्रूकडे. 'एल' म्हणजे देव, यात वाद नाही. डॅनियल, गॅब्रिएल, सॅम्युएल ही नावं त्यातूनच आली. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांतही अशी नावं आहेत. मुंबईचे कवी निस्सीम इझिकेल यांच्या आडनावाचा शेवट तोच. अडचण 'काल'ची आहे. आवाजाला हिब्रूत 'कोल' म्हणतात. 'कल' म्हणजे हलका किंवा चपळ. उडणाऱ्या माणसाला तोही शोभेल, पण 'देवाचा आवाज' होण्यासाठी स्वर बदलावा लागतो.

तरीही हा अर्थ लावणाऱ्यांना मी खुळे म्हणणार नाही. दोघेही निर्माते ज्यू स्थलांतरितांची मुलं, क्लीव्हलंडमध्ये भेटलेली. बाळाला वाचवण्यासाठी आईबाप त्याला दूर सोडतात आणि ते परक्या घरी वाढतं, ही गोष्ट बायबलमधल्या, टोपलीत सोडलेल्या मोशेच्या जवळची आहेच. ते नातं मला कथेत स्पष्ट दिसतं. नावातून ते सिद्ध करायला गेलं की तारखा आड येतात.

कॉमिक्सच्या आतला अर्थ मात्र सरळ आहे: एल हे घराण्याचं नाव. म्हणून चुलत बहीण कारा झोर-एल. तिच्या नावात तिच्या वडिलांचं, झोर-एलचं, पूर्ण नाव येतं. तसंच लाराचं माहेरचं नाव लारा लोर-व्हॅन. छातीवरचा 'एस' हे एल घराण्याचं चिन्ह, ही कल्पना १९७८ च्या चित्रपटाने लोकप्रिय केली. आणि १९३९ चं ते 'ई' नसलेलं स्पेलिंगही वाया गेलं नाही: पुढे डीसी या सुपरमॅनच्या प्रकाशकाने समांतर पृथ्वीवरच्या, वयाने मोठ्या सुपरमॅनला तेच दिलं.