रेसिंग होमरची कोणती ब्लडलाइन चांगली, आणि जोडी कशी लावावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विकत घ्यायला रेसिंग होमरच्या, म्हणजे दूर नेऊन सोडल्यावर घरी परतणाऱ्या शर्यतीच्या कबुतरांच्या, तीन जोड्या समोर आहेत. एक 'शुद्ध यान्सेन' ब्लडलाइनची, म्हणजे त्या घराण्याची, म्हणून, दुसरी 'यान आर्डेन' म्हणून, आणि दोघींसोबत पाच पिढ्यांचा छापील वंशतक्ता. तिसरी चेन्नईच्या एका ढाबळीतली, म्हणजे कबुतरखान्यातली. तिला घराण्याचं नाव नाही, पण नराच्या दोन सख्ख्या भावंडांनी तिथल्या ३०० किलोमीटरच्या शर्यतींत वरचे नंबर काढलेत. सांगलीत तुमच्या मित्रांचा गट १०० ते ४०० किलोमीटरच्या शर्यती सुरू करणार आहे. तर घ्यावं काय आणि पुढे पैदास कशी करावी?

तिसरी जोडी घ्या. मी चेन्नईत राहतो, गच्चीवर ढाबळ आहे, रेसिंग होमरच पाळतो. पण इथली पाखरं म्हणून शिफारस करत नाही. तुमच्या तीन जोड्यांपैकी फक्त हिच्याबद्दल काहीतरी तपासता येण्यासारखं माहीत आहे, एवढंच कारण.

आधी त्या दोन नावांविषयी, कारण दोन्ही नावं मोठी आहेत आणि त्यांचा मान ठेवूनच बोलायला हवं. यान्सेन बंधू बेल्जियममधल्या आरेंडोंक गावचे. नेदरलँड्सच्या सीमेला लागून असलेल्या या गावात त्यांनी आयुष्यभर एकच कुटुंब जपलं. आखूड आणि मध्यम अंतराची, वेगाची पाखरं. बाहेरचं रक्त ते फार क्वचित आत घेत, पण घेतलंही. फाब्री या दुसऱ्या बेल्जियन घराण्याचं अर्धं रक्त असलेला एक नर त्यांच्या घराण्यात मुरलेला आहे. यान आर्डेन हा नेदरलँड्सच्या स्टेनबर्गन गावचा. त्याची पाखरं लांब पल्ल्याची, दिवसभर उडून उशिरा संध्याकाळीही घर गाठणारी. बार्सिलोनाहून १,००० किलोमीटरच्या वर उडणाऱ्या शर्यतींत ज्या डच ढाबळींनी नाव काढलं, त्यातल्या कित्येकांत आर्डेनचं रक्त आहे. म्हणजे ही दोन घराणी वेगवेगळ्या कामांसाठी घडवली गेली. तुमची शर्यत ४०० किलोमीटरवर संपते. आर्डेनची जोडी अगदी अस्सल निघाली, तरी तिची ताकद जिथे दिसते तिथवर तुमची टोपली, म्हणजे पाखरं ज्यातून नेऊन सोडतात ती, जाणारच नाही.

आता 'शुद्ध' या शब्दामागचं गणित पाहा. वंशतक्त्याच्या पाचव्या पिढीत ३२ पूर्वज असतात आणि त्यातल्या प्रत्येकाचा वाटा सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास. यान्सेनांचा गाजलेला 'मर्क्स' नर १९६७ चा. एक पिढी साडेतीन-चार वर्षांची धरली, तर त्याच्यापासून आजच्या पिल्लापर्यंत पंधराएक पिढ्या झाल्या. मधल्या काळात ती पाखरं किती ढाबळींतून गेली, प्रत्येकानं निवड कशावर केली, उडवून पाहिलं की नुसती पैदास करून विकली, हे तक्त्यावर लिहिलेलं नसतं. निवड थांबली की काही पिढ्यांत घराण्याचा कस उतरतो, नाव मात्र तसंच राहतं. म्हणून तक्ता हातात आला की मी उलटं वाचतो. पणजोबा कोण होता हे शेवटी बघतो. आई-बाप स्वतः उडले का, त्यांची भावंडं उडली का, त्यांच्या आधीच्या पिल्लांनी काय केलं, हे आधी. तिथे कोरं असेल तर पुढची नावं वाचून काय करायचं?

मोठ्या किमतींनी या बाबतीत बराच गोंधळ केला आहे. २०१९ मध्ये 'आर्मांडो' नावाचा बेल्जियन नर साडेबारा लाख युरोंना गेला. २०२० मध्ये 'न्यू किम' ही मादी १६ लाख युरोंना गेली. तिची बोली २०० युरोंपासून सुरू झाली होती. या बातम्या वाचून लोकांना वाटतं की रक्तालाच किंमत आली. रक्ताला आलीच, पण त्या दोघांनी आधी स्वतः उडून दाखवलं होतं. न्यू किम तर २०१८ ची राष्ट्रीय पातळीवरची एस पिजन, म्हणजे हंगामातल्या निकालांवरून ठरलेलं अव्वल पाखरू. तिचं दूरचं नातं सांगून कुणी तुम्हाला पिल्लू विकत असेल, तर तो तुम्हाला तिची कामगिरी देत नाहीये.

मग दोन ब्लडलाइनची तुलना करायची कशी? इथे जरा सावकाश जातो, कारण पैसे आणि वर्षं इथेच वाया जातात.

नुसता नंबर काही सांगत नाही. ५० पाखरांत दहावा म्हणजे पहिल्या २० टक्क्यांत; ५०० पाखरांत दहावा म्हणजे पहिल्या २ टक्क्यांत. म्हणून प्रत्येक निकालाची टक्केवारी काढून वहीत लिहा. वेग म्हणजे मीटर भागिले मिनिटं: ३०० किलोमीटर २५० मिनिटांत आलं तर मिनिटाला १,२०० मीटर. पण वाऱ्यानं वेग कुठच्या कुठे जातो. पाठीवर वारा असला की मध्यम पाखरूही १,४०० दाखवतं, समोरून असला की चांगलं पाखरू हजारावर अडतं. त्यामुळे दोन वेगळ्या दिवसांचे वेग शेजारी ठेवू नका. एका टोपलीतून एका वेळी सुटलेल्या पाखरांचीच आपसात तुलना करा.

शिवाय निकालात ढाबळीचा वाटा मोठा असतो. दाणा, सराव, गर्दी, हवा, मालकाचा हात, आणि ढाबळ वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे, हे सगळं नंबरात मिसळलेलं असतं. 'अमक्याच्या यान्सेननी तमक्याच्या वांदेनाबीलेंना (हेही एक बेल्जियन घराणं) हरवलं' हे वाक्य बहुतेक वेळा दोन मालकांबद्दल असतं. याच कारणासाठी मला वन लॉफ्ट रेस आवडते. थायलंडच्या पटायासारख्या ठिकाणी जगभरातली पिल्लं एकाच ढाबळीत एकाच हाताखाली वाढतात आणि एकाच दारात उतरतात. तिथला निकाल रक्ताबद्दल खूप जास्त सांगतो.

तुमच्या ढाबळीत हेच लहान प्रमाणावर करता येतं. दोन घराण्यांची अंडी एकाच आठवड्यात येतील अशा जोड्या लावा आणि निम्मी अंडी एकमेकांखाली बदला. पहिले काही दिवस पिल्लू आई-बापाच्या गळ्याजवळच्या अन्नपिशवीत तयार होणाऱ्या दुधावरच वाढतं, त्यामुळे चांगलं भरवणाऱ्या जोडीचं पिल्लू रक्तानं साधारण असलं तरी अंगानं उठून दिसतं. अंडी बदलली की हा फरक निघून जातो. मग सगळ्यांना एकच कप्पा, एकच दाणा, एकच टोपली. जानेवारीचं पिल्लू आणि मेचं पिल्लू एकत्र तोलू नका. पिसं झाडण्यातच त्यांच्यात केवढा तरी फरक पडलेला असतो.

आणि पाखरांची संख्या पुरेशी हवी. समजा दोन्ही घराण्यांची १२-१२ पिल्लं प्रत्येकी पाच शर्यतींत बसली, म्हणजे दोघांच्या ६०-६० फेऱ्या. निव्वळ नशिबावर प्रत्येकाच्या सहाएक फेऱ्या पहिल्या दहा टक्क्यांत यायला हव्यात. एकाच्या १४ आल्या आणि दुसऱ्याच्या ७, तर पहिलं घराणं नक्कीच काहीतरी दाखवतंय. पण त्या सातांत एखादा पहिला नंबर असेल, तर सगळी वस्ती त्या पहिल्या नंबराचंच बोलेल आणि पुढच्या हंगामात त्याच घराण्याची अंडी मागेल. शर्यतीच्या नंबराची आनुवंशिकता मुळात कमी आहे. एकट्या पाखराच्या एका दिवसावर भिस्त ठेवण्यापेक्षा सख्खी-सावत्र भावंडं आणि पिल्लं मिळून काय करतात ते पाहिलेलं बरं. तुमच्या तिसऱ्या जोडीत दोन भावंडांचा पुरावा आहे. थोडा आहे, पण आहे.

न आलेल्या पाखरांचा हिशेबही जपून करा. हिवाळ्यात इकडे बहिरी ससाणे उतरतात आणि एखाद्या शर्यतीत चांगली पाखरं त्यांच्या तावडीत सापडतात. एका वाईट दिवसावरून घराणं रद्द करू नका. त्याच रक्ताची पाखरं हंगामामागून हंगाम परतच येत नसतील, तर मात्र तो निकालच आहे. याच कारणानं मी युरोपचे निकाल इथे जसेच्या तसे लावत नाही. चेन्नईच्या लांब शर्यती उत्तरेकडून सुटतात, त्यातल्या काही थेट आपल्या बल्लारशा-नागपूरहून. नागपूर ते चेन्नई सरळ रेषेत सुमारे ९०० किलोमीटर आहे, आणि त्या वाटेवर दुपारचं ऊन जे मागतं ते बेल्जियमच्या ढगाळ सकाळी कुणी मागितलेलं नसतं. इथल्या उन्हात दोन-तीन पिढ्या उडून परत आलेल्या पाखरांना माझ्या लेखी फार मोल आहे.

आता जोडी. माझा पहिला नियम साधा आहे: उत्तमाला उत्तम लावा, भले घराणी वेगळी असोत. दुसरा, जोडीची परीक्षा पिल्लांवरून करा. एखाद्या नराला आळीपाळीनं तीन-चार माद्या द्या आणि अंडी त्याच दोन दिवसांत घातलेल्या दुसऱ्या जोड्यांखाली सरकवा. वेगवेगळ्या माद्यांपासूनची पिल्लं उडाली तर नर खरा. एकाच मादीबरोबर उडाली तर ती जोडी खरी, ती मोडू नका. जोडी लावल्यापासून साधारण दहा दिवसांत पहिलं अंडं येतं, संध्याकाळी. दुसरं सुमारे ४४ तासांनी. पुढे १७-१८ दिवसांत पिल्लं. अंडी उचलली की मादी दहा-बारा दिवसांत पुन्हा घालते, पण हंगामात एक-दोनदाच हे करा. तिचं हाड आणि कॅल्शियम त्यात खर्ची पडतं.

जवळच्या नात्यात जोड लावावी का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण 'शुद्ध'च्या नादात बहुतेकजण तिथेच पोचतात. सख्ख्या भाऊ-बहिणीच्या किंवा बाप-लेकीच्या जोडीतून आलेल्या पिल्लाचा इनब्रीडिंग गुणांक (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं माप) २५ टक्के असतो; सावत्र भावंडं, काका-पुतणी किंवा आजोबा-नात यांच्यात साडेबारा; चुलत भावंडांत सव्वासहा. हे पुढे वाढत गेलं की अंडी फुटत नाहीत, पिल्लं मऊ राहतात, लवकर आजारी पडतात. तरीही खरोखर मोठं पाखरू हातात असेल तर त्याचे गुण साठवायला आजोबा-नात जोड मी लावतो. ती पिल्लं शर्यतीत क्वचितच चमकतात. त्यांचा उपयोग पैदाशीसाठी: दुसऱ्या तशाच जपलेल्या, नातं नसलेल्या घराण्याशी जोड लावली की जोमदार उडणारी पिल्लं येतात. यान्सेन रक्तानं जगभर नाव काढलं ते बरंचसं अशाच संकरातून. त्या संकरित विजेत्यांची पुन्हा आपसात जोड लावून तोच माल मिळेल अशी अपेक्षा मात्र धरू नका. त्यांची पिल्लं वाटेल तशी विखुरतात.

आनुवंशिकतेची एक गोष्ट कबुतरात लक्षात ठेवण्यासारखी आहे. पक्ष्यांत मादीचे लिंगगुणसूत्र झेड-डब्ल्यू असतात आणि नराचे झेड-झेड. त्यामुळे लेकीला झेड फक्त बापाकडून मिळतं. मोठ्या मादीचं झेड तिच्या मुलाकडे जातं आणि त्याच्यामार्फत नातींकडे. चांगल्या मादीचे मुलगे म्हणूनच जपावेत. पेशीतले मायटोकॉन्ड्रिया मात्र सगळ्या पिल्लांना आईकडूनच येतात. रंगाचं जनुकही याच झेडवर असतं आणि राखी-लाल रंग निळ्यावर वरचढ असतो, त्यामुळे तक्त्यातला एक खोटेपणाही पकडता येतो: दोन्ही आई-बाप निळ्या वर्गातले, म्हणजे पंखांवर पट्टे असलेले (बार) किंवा ठिपक्यांची नक्षी असलेले (चेकर), असतील तर त्यांना राखी-लाल पिल्लू होऊच शकत नाही. तसं लिहिलेलं दिसलं तर तक्ता तिथेच मिटवा. शंका असेल तर पिसावरून डीएनए तपासून आई-बाप खरे का ते कळतं. एलडीएचए या स्नायूंच्या ऊर्जेशी निगडित जनुकाच्या चाचण्याही हल्ली विकतात. अभ्यासांत त्याचा शर्यतीशी संबंध दिसला आहे, पण उडण्यात कितीतरी जनुकं गुंतलेली असतात, त्या एका अक्षरावर जोडी ठरवू नका.

भिंगातून पाखराच्या डोळ्याचं बुबुळ पाहून जोडी जुळवणारे इकडेही आहेत, तिकडेही असतील. मी डोळ्यावरून काहीच ठरवत नाही. हातात घेतल्यावर तोल, छातीच्या हाडाची लांबी, मऊ पण भरलेलं मांस, बंद कटिहाडं आणि शेवटच्या चार मोठ्या पिसांमधली मोकळी जागा पाहतो, तेही आधी उडालेल्यांतच. आणि आरोग्याला फार मान देतो. सतत कँकर-कॉक्सी या परजीवींमुळे होणाऱ्या रोगांची औषधं पाजून उभी ठेवलेली ढाबळ नैसर्गिक प्रतिकारशक्तीची निवडच होऊ देत नाही. लस जरूर द्या. पण भावंडं ठणठणीत असताना जे पिल्लू सारखं आजारी पडतं, ते बरं करा आणि पैदाशीतून बाजूला ठेवा.

विकणाऱ्याला फोन कराल तेव्हा त्या दोन भावंडांचे पायातल्या कडीचे नंबर, शर्यतीची तारीख आणि किती पाखरं सुटली होती, हे मागा आणि क्लबच्या निकालपत्राशी ताडून पाहा. नराचे आई-बाप अजून जिवंत आहेत का तेही विचारा. असतील तर या जोडीबरोबर त्यांचंच आणखी एक पिल्लू, शक्यतो मादी, मागून घ्या. नराचं वय सहाच्या पुढे असेल तर जोडी लगेच लावा, पहिल्या फेरीची अंडी भरवायला दुसऱ्या जोडीखाली द्या आणि दुसरी फेरी त्यांना स्वतःला वाढवू द्या. दूरवरून आणलेली मोठी पाखरं सांगलीत सोडू नका, ती चेन्नईचा रस्ता धरतील. उडवायची ती तुमच्या ढाबळीत जन्मलेली पिल्लंच.