एका जागी न बसणारे मूल आणि शाळेतला योग

'मुलगा वर्गात एका जागी बसत नाही. शाळेत योगाचा तास सुरू झाला आहे; त्याने तो शांत होईल का, की अभ्यासाचा वेळ तेवढा वाया जाईल?' पहिली-दुसरीतल्या मुलांचे पालक मला हा प्रश्न नेहमी विचारतात. एका शब्दात उत्तर द्यावे असा हा प्रश्न नाही, म्हणून सातारा जिल्ह्यातील एका मराठी शाळेत माझ्याकडे आलेल्या मुलाची हकिकत येथे सांगते. त्याला आपण ओंकार म्हणू. ओळख पटू नये म्हणून इतर काही तपशीलही बदलले आहेत.

ओंकार दुसरीत होता. तो सतत जागेवरून उठतो, शेजारच्या मुलाच्या अंगावर रेलतो आणि फळ्यावरचा मजकूर अर्ध्यावरच सोडतो, अशी वर्गशिक्षिकांची तक्रार होती. भेटायला आई आणि आजोबा दोघेही आले. आईचे म्हणणे असे की वही पूर्ण होत नाही, त्यात आता योगासाठी आणखी वेळ कशाला. आजोबांचे मत अगदी उलट होते. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन तो आपल्या संस्थानातल्या शाळांतही नेला होता, आणि आजोबांच्या वडिलांनी त्याच भागातल्या शाळेत नमस्कार घातलेले होते. 'रोज बारा नमस्कार घातले की पोरगं आपोआप ताळ्यावर येईल, डॉक्टरबिक्टर काही नको,' असे त्यांनी मला ठामपणे सांगितले. घरात ते नातवाकडून नमस्कार घालूनही घेत होते. मात्र खोडी केली की दहा जास्त, असा त्यांचा नियम होता.

कोणताही सल्ला देण्याआधी मी वर्गात मागे बसून ओंकारला लिहिताना पाहिले. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून तो ते बाकाच्या आडव्या पट्टीत अडकवून बसे. डोके डाव्या तळहातावर टेकलेले असे, त्यामुळे वही धरायला हात उरत नसे आणि वही सारखी सरकत राही. पेन्सिल तो इतकी दाबून चालवी की पानाच्या मागच्या बाजूला अक्षरे बोटांना लागत. जोडाक्षर आले की तो श्वास रोखून धरी, आणि ते लिहून झाले की मोठा सुस्कारा सोडून उभा राही. नुसते ताठ बसून राहण्यातच त्याची इतकी ताकद खर्च होत होती की लिहिण्यासाठी थोडीच शिल्लक राहत होती, आणि उठून उभे राहणे हाच त्याला सापडलेला विसावा होता. मैदानावरही हेच दिसले. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांना एका पायावर उड्या मारता येतात. ओंकार सात वर्षांचा असून दुसऱ्या-तिसऱ्या उडीलाच पाय टेकवी, आणि लंगडीचा डाव मांडला की स्वतःहून बाजूला जाऊन बसे.

आपला हात कुठे आहे आणि तो किती जोर लावतो आहे हे न पाहताही आपल्याला समजते, कारण स्नायू आणि सांधे मेंदूला त्याची खबर सतत देत असतात. शरीराचा तोल कुठे कलतो आहे याची खबर अंतःकर्णातून जाते. ही जाण पुरेशी पक्की झालेली नसेल, तर मूल पेन्सिल नको इतकी दाबते, कशाला तरी टेकते, हलत राहते. अशा मुलाला 'मांडी घालून डोळे मिटून बस' असे सांगून योगाची सुरुवात करणे म्हणजे त्याला सर्वांत अवघड गोष्ट सर्वांत आधी करायला लावणे होय. शाळांमधल्या योगाच्या तासाबद्दल माझा मुख्य आग्रह याच मुद्द्यावर आहे: आधी हालचाल, मग तोल, आणि स्थिरता सर्वांत शेवटी.

वर्गशिक्षिकांनी लेखनाच्या तासाआधीची काही मिनिटे मोकळी करून दिली. ओंकार एकटा वेगळा पडू नये म्हणून सगळा वर्ग यात सामील झाला. सतरंजीवर मुले हात आणि गुडघे टेकून मार्जारासनात येत, श्वासाच्या लयीत पाठ वर-खाली करत, आणि मग उजवा हात व डावा पाय एकाच वेळी उचलत. त्यानंतर बाजू बदलत. तळहातांवर शरीराचे वजन आले की खांदे आणि मनगटे बळकट होतात, आणि खांदा स्थिर असेल तरच बोटांना बारीक काम नीट करता येते. विरुद्ध हात-पाय उचलताना शरीराच्या दोन्ही बाजूंना एकमेकींशी जुळवून घ्यावे लागते. पुढे चवड्यांवर उभे राहून ताडासन, आणि त्यानंतर वृक्षासन. ओंकारला आम्ही सुरुवातीला भिंतीचा आधार दिला होता आणि दुसऱ्या पायाचे पाऊल मांडीऐवजी घोट्यापाशी टेकवायला सांगितले होते. तो जिभेचे टोक दातांत धरून समोरच्या तक्त्यावरच्या एका चित्राकडे टक लावून उभा राही, आणि पायाची बोटे सतरंजीला घट्ट धरून ठेवी. एके दिवशी त्याने भिंतीवरचा हात हळूच काढला आणि 'बाई, झाड पडलं नाही,' असे मोठ्याने सांगितले. शेवटी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखे गुंजन करत श्वास सोडणे. गुंजनासाठी उच्छ्वास आपोआप लांबतो, आणि उच्छ्वास चालू असताना हृदयाची गती थोडी मंदावते. श्वास रोखण्याची सवय लागलेल्या मुलाला तो सोडायला शिकवण्याचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

आजोबांना मी नमस्कार बंद करायला सांगितले नाही. शिक्षा म्हणून एकही नमस्कार घालायचा नाही, संख्या कमी ठेवायची, प्रत्येक स्थितीत थोडे थांबायचे, आणि मोजणी ओंकारनेच करायची, एवढेच मी सुचवले. 'आबा, तुम्हीही त्याच्या शेजारी उभे राहा,' असेही म्हटले. ते त्यांना मनापासून आवडले.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ओंकारचे बाकावर टिकणे स्पष्टपणे वाढले, वही दुसऱ्या हाताने धरली जाऊ लागली आणि लंगडीत तो स्वतःहून उतरू लागला. याचे सगळे श्रेय योगाचे आहे असे मी म्हणणार नाही. आम्ही त्याच्या पायांखाली लाकडी पाट ठेवला होता, शिक्षिकांनी लेखनाचे छोटे तुकडे केले होते, आणि मुले वयानुसार वाढतातही. मुलांमधील योगाच्या परिणामांवरचे बरेचसे अभ्यास लहान गटांवरचे आहेत. त्यांचे निष्कर्ष आशादायक असले तरी योग हा पूरक आधार आहे, उपचार नाही, असेच मी पालकांना सांगते.

कारण ओंकारचे वाचन मात्र सुधारले नाही. तो ओळी गाळत होता, सारखी दिसणारी अक्षरे उलटसुलट करत होता. तेव्हा डोळे आणि कान तपासून घ्या आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना भेटा, असे मी सुचवले, आणि तेथे आजोबा अडखळले. त्यांना मी समजावले की अतिचंचलतेचे निदान एखाद्या शिक्षिकेच्या तक्रारीवरून होत नाही. लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून, किमान ६ महिने, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. तपासणीला जाणे म्हणजे नातवाला शिक्का मारून घेणे नव्हे. अपुरी झोप, रक्तातील लोहाची कमतरता किंवा कमी दिसणे यांमुळेही मूल अस्वस्थ राहते, आणि यांतले काहीही आसनांनी कळत नाही.

शाळांनाही थोडे सांगावेसे वाटते. २१ जूनला मैदानावर रांगा लावून केलेल्या योगाने मुलाच्या वाढीला काही मिळत नाही. रोजची थोडी मिनिटे मिळतात तेव्हाच शरीर शिकते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल सुचवली आहे, म्हणून योगासाठी खेळाचा तास कापणे मला अजिबात मान्य नाही. लहान मुलांना श्वास रोखायला लावू नये, वर्गात शीर्षासन घेऊ नये, पोषण आहाराची खिचडी खाऊन झाल्याबरोबर वाकवू नये, आणि आसन 'नीट' यावे म्हणून मुलाचे अंग कधीही दाबू नये. ज्या मुलाला फिट येतात किंवा दमा आहे, त्याच्याबाबत डॉक्टरांना आधी विचारावे.

ओंकारची नजर तपासल्यावर त्याला चष्मा लागला, पण वाचनातली अडचण त्यानंतरही राहिली. अतिचंचलतेचे निदान करण्याइतकी लक्षणे डॉक्टरांना आढळली नाहीत. अध्ययन अक्षमतेच्या अधिकृत चाचण्या साधारणपणे मूल आठ वर्षांचे झाल्यावर, तिसरीच्या सुमारास करतात. तोवर वाट पाहत न बसता विशेष शिक्षिकांकडे त्याचे वाचनाचे वेगळे तास सुरू केले आहेत. शाळेतली आसने चालूच आहेत, आणि चाचणीच्या दिवशी त्याला घेऊन जाण्याची जबाबदारी आजोबांनी आपणहून घेतली आहे.