पीयूसीसाठी पद्मिनीचं इंजिन बदलू का?

प्रश्न: सर नमस्कार, वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे आमच्याकडे, सांगलीत. परवा पीयूसीला नेली तर सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) ४.६ टक्के आला आणि फेल. सेंटरवाला म्हणतो भंगारात द्या. आमचे मिस्त्री म्हणतात मारुती जिप्सीचं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवून देतो, अ‍ॅव्हरेज वाढेल आणि गाडी बीएस-फोरमध्ये (नंतरच्या गाड्यांच्या कडक प्रदूषण-नियमात) पास होईल. पुढच्या महिन्यात आरसीचं रिन्यूअल आहे. बसवू का?

उत्तर: नका बसवू. हौस म्हणून विचारलं असतंत तर थोडा विचार केला असता, पण पीयूसीसाठी अजिबात नको.

पहिलं म्हणजे गाडी बीएस-फोर वगैरे काही होत नाही हो. पीयूसीची मर्यादा गाडी कधी बनली त्यावर ठरते. तुमच्या १९८४च्या पेट्रोल गाडीला सीओ ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) १५०० पीपीएमपर्यंत चालतो, बीएस-टू आल्यानंतरच्या गाड्यांना तोच सीओ ०.५च्या आत लागतो. म्हणजे तुम्हाला ४.६ वरून ३च्या खाली यायचंय, बस. त्याला इंजिन नाही, स्क्रूड्रायव्हर लागतो.

सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, म्हणून अर्धवट जळतंय. माझ्या स्वतःच्या पद्मिनीत एकदा ४.८ आला होता, मी दोन दिवस कार्ब्युरेटर खोलून बसलो आणि शेवटी निघालं काय तर चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणाऱ्या फ्लॅपची, केबल गंजून अडकलेली, डॅशवरचा नॉब पूर्ण आत पण खाली फ्लॅप अर्धा बंद! त्यामुळे आधी एअर फिल्टर काढून तो फ्लॅप सरळ उभा राहतोय का ते डोळ्यांनी बघा. मग फिल्टर बदला, टॅपेट, पॉइंटचा गॅप, प्लग, टायमिंग हे सगळं करून घ्या, कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी ठरवतो तो) लेव्हल बघा, आणि सगळ्यात शेवटी गाडी वीसेक मिनिटं चालवून इंजिन चांगलं तापल्यावर मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) लावा. शक्यतो पीयूसीवाल्याची नळी सायलेन्सरमध्ये असतानाच लावा, आकडा समोर दिसतो. बरेच जण थंड गाडी नेतात आणि फेल होऊन येतात.

तुम्ही एचसी किती आला ते लिहिलंच नाही आणि इंजिनची तब्येत खरं तर तोच सांगतो. तो पॉइंट-प्लग करूनही खाली येत नसेल आणि मागून निळा धूर असेल तर ऑइल जळतंय, रिंग नाहीतर व्हॉल्व्ह गाइड गेलेत, मग हाफ इंजिनचं काम काढा. हेड उतरवलंच आहे तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, कारण हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं, ते शिसं सीटची झीज रोखायचं, आणि ते पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रामही बदला, आताच्या ई-२० पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं.

आता जिप्सीचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. तुमच्या आरसीवर १०८९ सीसी, जिप्सीचं १२९८, आणि रिन्यूअलला इन्स्पेक्टर बॉनेट उघडून नंबर बघतोच. दंड एका बदलाला ५००० रुपये, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतंच कारण. वर इंजिन मोठं आणि तुमच्या गाडीला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक, ते वेगळंच. गंमत म्हणजे अशा कामात जिप्सीच्या फ्युएल इंजेक्शनची वायरिंग कोण करणार म्हणून कार्ब्युरेटर लावतात, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकतात, म्हणजे प्रदूषण होतं तिथेच.

ब्लॉकच फुटला असेल तर पद्मिनीचंच दुसरं इंजिन शोधा, पण आरटीओला आधी विचारून आणि बिल घेऊन. बिनबिलाचं इंजिन स्वस्तात मिळतं, नंतर ते चोरीच्या गाडीतलं निघालं की पोलीस स्टेशनच्या चकरा.

प्रश्न: आमच्याकडे १९७२ची फियाट आहे. पूर्वीच्या मालकाने मारुती व्हॅनचं इंजिन बसवलंय. व्हिंटेज नोंदणीचा (जुन्या, जपलेल्या गाड्यांचा) व्हीए नंबर मिळेल का? (पुणे)

उत्तर: वयात बसते, ५० वर्षं झाली. पण २०२१च्या नियमात गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यात बदल नको, त्यामुळे आज आहे तशी नाही बसणार. शिवाय व्हिंटेज नोंदणी झाली की रोज ऑफिसला नेता येत नाही तेही लक्षात घ्या. त्या मालकाला आधी फोन करा, जुनं इंजिन अजून त्याच्या शेडमध्ये पडलेलं असू शकतं. असलं तर पैसे देण्याआधी ब्लॉकवरचा नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून आरसीशी जुळवून बघा.