गुडघा बदलून वर्ष होत आलं तरी अमेरिकेतलं रुग्णालय फॉर्म भरायला का सांगतं?

तुमचा प्रश्न असा: ७१ वर्षांच्या सासूबाई, मेडिकेअर (म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा), उजवा गुडघा गेल्या वर्षी बदलला, डावा आता करायचाय, आणि रुग्णालयातून 'फॉर्म भरा' म्हणून फोनावर फोन. यात रुग्णालयाला पैसे मिळतात का?

मी अशाच एका रुग्णालयाच्या क्वालिटी विभागात काम करते. कुणाला फोन करायचा ती यादी माझ्याच संगणकातून निघते, तेव्हा आमच्याकडून आधीच सॉरी.

फॉर्म भरल्याचे पैसे मिळत नाहीत, न भरल्याचे कापले जातात. मेडिकेअरने १ जुलै २०२४ पासून खुबा आणि गुडघा बदलाच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णांकडून दुखण्याचे आणि हालचालींचे फॉर्म भरून घेणं रुग्णालयांना सक्तीचं केलंय. रुग्ण ६५ किंवा त्याहून मोठा आणि रुग्णालयात दाखल झालेला असला, तर एक फॉर्म ऑपरेशनआधीच्या ९० दिवसांत आणि दुसरा ऑपरेशननंतर ३०० ते ४२५ दिवसांच्या मध्ये. निम्म्या तरी रुग्णांचे दोन्ही फॉर्म जमले नाहीत, तर मेडिकेअरच्या दरात दरवर्षी होणाऱ्या वाढीतला पाव हिस्सा जातो. म्हणून वर्षाच्या आसपास फोनांचा मारा.

गुडघ्याच्या फॉर्मात सातच प्रश्न: सकाळचा ताठरपणा, जिना, खुर्चीतून उठणं, खाली वाकणं वगैरे. त्यातून १०० पैकी गुण निघतात आणि आधीपेक्षा किमान २० गुणांनी सुधारणा झाली का, ते पाहतात. (मांडी घालून बसता येतं का, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडचा फॉर्म असता तर तोच पहिला प्रश्न असता.)

आपली माणसं गडबडतात ती पहिल्या फॉर्मात. मागे एक मराठी आजी आल्या होत्या. मुलगा वाचून दाखवत होता: "जिना चढताना दुखतं?" आजी म्हणाल्या, "थोडंसं. सवय झालीय." मुलाने 'सौम्य' वर खूण केली. त्याच आजींना मी दहा मिनिटांपूर्वी दोन्ही हातांनी कठडा धरून, आडव्या पावलाने एकेक पायरी उतरताना पाहिलं होतं. उत्तर सुचवायची मला मुभा नाही. मी एवढंच म्हटलं की प्रश्न गेल्या आठवड्याच्या दुखण्याचा आहे, सवयीचा नाही. आजी हसल्या, "मग 'तीव्र' लिही बाबा." आधी सगळं सौम्य लिहिलं की नंतर सुधारणा दिसणार कुठून?

गुणांवर पैसे अवलंबून असणं हे त्यापुढचं. २०१६ ते २०२४ मेडिकेअरची एक योजना होती: ऑपरेशन आणि घरी सोडल्यानंतरचे ९० दिवस मिळून एक ठरलेला खर्च, त्याच्या आत भागवलं तर बचतीतला वाटा रुग्णालयाला, वर गेला तर भुर्दंड. बचत झाली ती मुख्यतः रुग्णांना नर्सिंग केंद्राऐवजी थेट घरी पाठवून. जानेवारी २०२६ पासून 'टीम' नावाची नवी योजना आलीय, निवडलेल्या भागांतल्या रुग्णालयांना सक्तीची. तिच्यात मुदत ३० दिवसांची, आणि या फॉर्मांतली सुधारणा गुणवत्तेच्या हिशेबात धरतात. मला यातली एक गोष्ट खटकते: मधुमेह, जास्त वजन, घरी एकटं राहणारा, असा रुग्ण महागात पडेल म्हणून त्याला टाळायचा मोह होतो. आकडेमोडीत त्याची थोडी भरपाई असते, पूर्ण नाही.

सुधारणेच्या गुणांमध्येही अशी भरपाई करता यावी म्हणून पहिल्या फॉर्मासोबत कंबर दुखते का, दुसरा गुडघा दुखतो का, अफूच्या जातीच्या (ओपिऑइड) वेदनाशामक गोळ्या बरेच दिवस चालू आहेत का, असं विचारतात. डाव्या गुडघ्याच्या वेळी ते 'याचा काय संबंध' म्हणून सोडू नका. 'वैद्यकीय फॉर्म स्वतः भरणं कितपत जमतं' असाही एक प्रश्न असतो. तिथे सासूबाईंचं उत्तर लिहा, तुमचं नव्हे.