निवृत्त श्वानाचा सत्कार कसा करावा?

प्रश्न : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मंडळाला गणेशोत्सवात एका निवृत्त पोलीस श्वानाचा सत्कार करायचा आहे. हार, पेढा आणि पदक असं ठरलंय. काय सांभाळावं?

उत्तर : कल्पना छानच आहे, पण आधी हँडलरला, म्हणजे श्वानाला सांभाळणाऱ्या पोलिसाला विचारा. कुत्र्याला तोच ओळखतो, म्हणून पदक त्याच्याच हातून घालू द्या. अनोळखी माणूस समोरून वाकून गळ्याकडे हात नेतो, तेव्हा कुत्र्याला ती धमकी वाटते आणि चावा तिथेच बसतो.

गुलाल आणि अगरबत्ती दूर ठेवा. बारीक पूड नाकात गेली की त्याला फार त्रास होतो. ढोल-ताशा सुरू होण्याआधी, सकाळीच कार्यक्रम करा आणि तो दहा मिनिटांत आटपा. फरशीवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. चटका बसला तर सतरंजी अंथरा. म्हाताऱ्या कुत्र्याचे खुबे दुखतात, त्याला व्यासपीठावर चढवू नका. पेढा नको. चॉकलेट आणि मनुका तर विषच. त्याचा नेहमीचा खाऊ हँडलरच देईल.

पदक हलकं, गोल कडांचं हवं आणि फोटो झाला की लगेच काढायचं. प्राण्यांच्या शौर्यासाठीचं ब्रिटनचं डिकिन पदक १९४३ पासून दिलं जातं, तेही साधं कांस्याचंच. पहिले तीन मानकरी कबुतरं होती! आपल्या सैन्यातल्या ॲक्सेल या श्वानाला २०२२ मध्ये मरणोत्तर ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’ हा शौर्याचा सन्मान मिळाला. फलकावर श्वानाचं नाव, सेवेची वर्षं आणि कामगिरी लिहा, हँडलरचं नावही.